निवडणूक नसताना बंदूक जमा करणं

लोकसभेची असो नाहीतर विधानसभेची, आचारसंहिता लागली की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या वाडीवस्तीवरून बंदुका पोलीस ठाण्याकडे निघतात. जांबोटी, कणकुंबी, गुंजी, लोंढा ह्या जंगलाला टेकलेल्या पट्ट्यात पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक ही काही नवलाची गोष्ट नाही. कुणी ती गोणपाटात गुंडाळून दुचाकीला बांधतो, कुणी ट्रॅक्समध्ये पायाशी धरून बसतो. ठाण्यात नंबर ताडून पाहतात, पावती देतात. निकाल लागून आचारसंहिता उठली की पावती दाखवायची आणि बंदूक घरी आणायची. ह्यात कुणाला अपमान वाटत नाही. दिवस तापलेले आहेत, तेवढे दिवस हत्यार लांब असलेलं बरं, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

ज्या तरुण मुलाच्या हातून स्वतःचा किंवा दुसऱ्या कुणाचा जीव जाईल अशी भीती आहे, त्याच्या घरच्यांना दवाखान्यात बसून नेमकं हेच पटवायचं असतं. घरातल्या पोराचे दिवस तापलेले आहेत. निवडणूक नाही, नोटीस नाही, तरी बंदूक जमा करायची. बाकीचं औषध, समुपदेशन, घरच्यांशी बोलणं हे सगळं लागतंच, पण त्याला आठवडे लागतात. हत्यार आजच्या आज लांब जाऊ शकतं.

एवढी घाई कशाला, असं वाटेल. मरायचं किंवा मारायचं मनात येणं आणि हात उचलला जाणं, ह्यांच्यामध्ये बराच काळ जात असेल, माणूस दिवसचे दिवस आत कुढत असेल, अशी आपली समजूत असते. तसेही असतात. पण अमेरिकेत ह्यूस्टनला १३ ते ३४ वयाच्या, आत्महत्येच्या प्रयत्नात मरणाच्या दारातून परतलेल्या १५३ जणांना विचारलं गेलं. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. जवळजवळ चौघांतल्या एकाने सांगितलं, ठरवल्यापासून करेपर्यंत पाच मिनिटंसुद्धा गेली नव्हती. पाच मिनिटांत माणूस हाताशी असेल तेच उचलतो. झोपेच्या गोळ्या असतील तर बहुतेक वेळा दवाखाना गाठता येतो. बंदूक असेल तर दहांतले नऊ जण वाचत नाहीत.

बेळगाव हे फौजेचं गाव, म्हणून फौजेचंच एक उदाहरण. इस्रायलच्या सैन्यात २००६ साली एक साधा नियम बदलला. आठवड्याच्या सुट्टीला घरी जाणाऱ्या जवानाने रायफल बरोबर न्यायची नाही, युनिटमध्येच ठेवायची. तरुण जवानांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या, आणि ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. आठवड्याच्या इतर दिवसांचं प्रमाण जवळपास होतं तसंच राहिलं. म्हणजे सुट्टीत रायफल नव्हती म्हणून त्यांनी दुसरी वाट शोधली नाही, सुट्टी संपेपर्यंत थांबून तेच केलं असंही झालं नाही. ती वेळ टळली आणि माणूस राहिला. ह्या एका आकडेवारीवर हे सगळं काम उभं आहे असं म्हटलं तरी चालेल.

आता आपल्याकडे घरात हत्यार असतं ते कसलं, हे नीट कळल्याशिवाय पुढचं बोलणं फुकट. सीमाभागात त्याच्या तीन तऱ्हा. जंगलाच्या कडेला ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची. शहरात आणि मोठ्या गावांत माजी सैनिकाची बारा बोर, कारण निवृत्तीनंतर बँकेच्या दारात गार्ड म्हणून उभं राहायचं तर स्वतःची परवान्याची बंदूक लागते. आणि तिसरा गावठी कट्टा, जो कुणाच्याच नावावर नसतो.

ह्यातली ठासणीची बंदूक शहरातून आलेल्या डॉक्टरला बहुधा समजत नाही. भाद्रपद-आश्विनात भाताच्या लोंब्या भरायला लागल्या की गवे आणि रानडुकरं उतरतात. शेतातल्या माळ्यावर रात्र काढायची तर बंदूक संध्याकाळीच ठासून ठेवावी लागते. रात्री बार काढायची वेळ आली नाही तर सकाळी ती तशीच घरी येते, कारण ठासलेला बार उपसून काढणं कटकटीचं आणि उगाच उडवून दारू कुणी वाया घालवत नाही. मग ती दाराआडच्या खुंटीला टांगली जाते, भरलेलीच. दारूला ठिणगी देणारी बारीक टोपी काढून ठेवली की झालं, असा हिशेब. टोप्यांची डबी कुठे, तर देव्हाऱ्याच्या फळीवर, नाहीतर त्याच कोनाड्यात चुन्याच्या डबीशेजारी. घरातल्या चार वर्षांच्या पोरालासुद्धा ती जागा माहीत असते. म्हणून 'घरात बंदूक आहे का' एवढ्यावर थांबून चालत नाही. आत्ता भरलेली आहे का, टोप्या कुठे आहेत, दारू कुठे आहे, शेवटचा बार कधी काढला, हे चार प्रश्न वेगवेगळे विचारायचे. बारा बोरचं त्या मानाने सोपं. काडतुसं काढली की नळी रिकामी. पण काडतुसांची पेटी बंदुकीच्याच कपाटात असते, आणि कपाटाची किल्ली कपाटावर.

'त्याला माहीत नाही कुठे ठेवलीय ते,' हे वाक्य आईबाप अगदी मनापासून बोलतात. अमेरिकेत अलाबामाच्या ग्रामीण भागातल्या एका दवाखान्यात आईबापांना आणि मुलांना वेगवेगळं बसवून हेच विचारलं. हा अभ्यास २००६ चा. 'मुलाला बंदुकीची जागा माहीत नाही' म्हणणाऱ्या आईबापांपैकी ३९ टक्क्यांच्या मुलांनी जागा अचूक सांगितली. अलाबामाचं घर वेगळं आणि कणकुंबीचं वेगळं, पण पोरं सगळीकडे पोरंच.

मुलाला एकट्याला भेटणं म्हणूनच सोडता येत नाही. आधी सगळ्यांना एकत्र पाच मिनिटं, मग बाकीच्यांना बाहेर बसवायचं. आई उठायला तयार नसते. तिला बाहेर एखादं काम द्यावं, केसपेपर काढून आणायचं, जुन्या गोळ्यांची पाकिटं शोधायचं, म्हणजे तिलाही अवघडल्यासारखं होत नाही. दार लागलं की पहिलं वाक्य गुप्ततेचं, आणि ते गोल गोल बोलायचं नाही: 'तू इथं बोलशील ते माझ्याजवळ राहील. फक्त तुझ्या जिवाला किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर घरी सांगावं लागेल. पण सांगायच्या आधी मी तुला सांगीन.' २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गुप्ततेचा हक्क आहे आणि दुसऱ्याला इजा होणार असेल तेव्हाचा अपवादही आहे. मुलाला हे आधीच सांगितलं तर तो कमी बोलेल अशी भीती वाटते. होतं उलटच. कुठवर बोलायचं ही रेघ दिसली की पोरगं त्या रेघेपर्यंत निर्धास्त येतं.

भाषेचा प्रश्न इथे औषधाइतकाच महत्त्वाचा. सीमाभागातलं पोर सरकारी दवाखान्याच्या खिडकीशी कन्नडमध्ये बोलतं, मित्रांत हिंदी-मराठी मिसळ, आणि रडतं आईच्या भाषेत. कुठल्या भाषेत बोलूया, हे पहिल्यांदाच विचारून टाकावं. एक शब्द तर फार सांभाळून ऐकावा लागतो: बेजार. कन्नडमधला 'बेजारु' कंटाळ्यापासून दुःखापर्यंत कुठेही जातो, मराठीतला 'बेजार' जीव मेटाकुटीला येण्याकडे झुकतो, आणि बेळगावचं पोर दोन्ही अर्थ एकाच वाक्यात वापरतं. 'बेजार झालंय की, डॉक्टर' हे ऐकून केसपेपरवर 'कंटाळा' लिहिणारा मोठी चूक करून बसतो. तिथेच थांबून विचारायचं, 'बेजार म्हणजे कसं? काम नाही म्हणून, का जगायचंच नको वाटतंय म्हणून?' असं थेट विचारल्याने मनात नसलेलं मनात येतं हा समज खोटा आहे, आणि तो डॉक्टरांमध्येही आढळतो. विचारल्यावर बहुतेक पोरांचे खांदे खाली येतात. कुणीतरी विचारलं ह्याचाच त्यांना आधार वाटतो.

दुसऱ्यावर उठण्याचा धोका जोखायचा तर अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात तयार झालेली एक छोटी प्रश्नावली आहे, २०१७ ची. तिथल्या अपघात विभागात आलेल्या १४ ते २४ वयाच्या, नशापाण्याकडे वळलेल्या मुलांवर दोन वर्षं लक्ष ठेवून तिच्यातले चार प्रश्न निवडले. गेल्या सहा महिन्यांत मोठी मारामारी किती वेळा झाली. मित्रांपैकी किती जण चाकू किंवा बंदूक बाळगतात. गोळीबाराचा आवाज किती वेळा ऐकला. तुझ्यावर कुणी बंदूक रोखली का. उत्तरांना गुण, शून्यापासून दहापर्यंत. दोन मिनिटांचं काम, आणि फ्लिंटमध्ये उपयोगी.

तीच प्रश्नावली मराठीत आणून खानापुरात वापरली तर तिसऱ्या प्रश्नावरच घोटाळा होतो. फ्लिंटमध्ये गोळीचा आवाज म्हणजे गल्लीत कुणीतरी कुणावर गोळी झाडली. जंगलाच्या कडेच्या गावात आश्विनातल्या रात्री बार ऐकू आला म्हणजे कुणाच्यातरी भातात गवा शिरला. त्या आवाजाने इथल्या पोराचा धोका वाढत नाही, त्याच्या बापाची झोप मोडते. उलट ज्या प्रश्नाचा फ्लिंटमध्ये मागमूस नाही तो इथे आधी विचारायला हवा: भावकीत वाद आहे का, बांधावरून कोर्टात काही चालू आहे का. बांध कोरल्यावरून चुलत्याने बापाला चारचौघांत थोबाडीत मारली आणि पोराने ते पाहिलं, हे एक वाक्य दहा गुणांपेक्षा जास्त सांगून जातं. म्हणून त्या प्रश्नावलीचे गुण घेऊ नयेत. तिचा क्रम मात्र घ्यावा: आधी मारामारी, मग मित्र, मग आजूबाजूचं वातावरण, आणि सगळ्यात शेवटी त्याच्यावर काय बेतलं ते. बाहेरून आत यायचं. पहिल्याच फटक्यात 'तुझ्याकडे कट्टा आहे का' विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं.

कट्ट्याची गोष्ट निघाली की आपला सूर बदलतो, आवाज चढतो, 'का ठेवलास' असं तोंडातून जातं. ह्याच्याइतका वाया जाणारा प्रश्न दुसरा नाही. हत्यार बाळगणाऱ्या बहुतेक पोरांच्या बोलण्यात राग वर असतो आणि खाली भीती. म्हणून 'कुणाची भीती वाटते तुला?' असं विचारावं. आधी तो हसेल. 'भीती? मला?' म्हणेल. थांबायचं. मग कुठल्या रस्त्याने तो आता जात नाही, कुठल्या पानटपरीवर उभा राहत नाही, कुणाचा फोन आला की बाहेर जाऊन बोलतो, हे निघायला लागतं. ते कळलं की कट्ट्याशिवाय त्या भीतीचं काय करता येईल हे तरी बोलता येतं.

बढाई आणि धोका ह्यांत फरक करता यायला हवा. मोबाईलच्या स्टेटसला पिस्तुलाचा फोटो ठेवणारी पोरं पुष्कळ. त्यातल्या बहुतेकांनी ती वस्तू हातातही धरलेली नसते. फोटोवरून घाबरून जाऊ नये. नाव, जागा आणि वेळ ह्या तीन गोष्टी बोलण्यात येतात का ते पाहावं. 'एकेकाला बघून घेतो' हे झालं एक. 'जत्रेत तो येणारच आहे' हे अगदी वेगळं. त्यात अलीकडचा अपमान, दारू आणि हत्यार हाताशी असणं हे मिळालं की त्या पोराला त्या दिवशी एकट्याला घरी सोडायचं नाही.

अपमानाबद्दल आणखी थोडं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळे आसपासच्या गावांतली पोरं पहाटे साडेचारला रस्त्यावर धावताना दिसतात. १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत, हा आकडा त्यांच्या घड्याळात कोरलेला असतो. घरात आजोबा सुभेदार, चुलता हवालदार, भिंतीवर गणवेशातला फोटो, आणि त्याच खोलीत परवान्याची बंदूक. भरतीत नापास झालेलं, वय निघून गेलेलं पोर त्या खोलीत झोपतं. निकालाच्या आधीचे आणि नंतरचे दोन-तीन आठवडे ही अशा घरातली आचारसंहिता समजावी. माजी सैनिकाला हे समजावणं सगळ्यात सोपं. शस्त्रागाराला कुलूप का असतं, काडतूस मोजून का परत घेतात, हे त्याने आयुष्यभर पाळलेलं असतं. घरात ते लावायचं राहून गेलेलं असतं एवढंच.

शेतकरी बापाशी बोलणं वेगळं. त्याच्यासमोर 'तुमची बंदूक' हा शब्द आधी काढला की तो मान खाली घालून 'बरं बरं' म्हणतो आणि पुन्हा येत नाही. सुरुवात त्याच्या भीतीपासून करावी. 'आण्णा, तुम्ही त्याला इतक्या लांब घेऊन आलात, म्हणजे तुम्हालाही काहीतरी दिसलंय. काय दिसलं?' तो सांगतो. रात्री उठून बसतो, जेवत नाही, परवा कोयता घेऊन बाहेर गेला होता. मग विचारायचं, 'अशात घरात काय काय आहे ज्याची तुम्हालाच धास्ती वाटते?' बंदुकीचं नाव तोच काढतो. त्याने काढलेलं नाव आणि आपण काढलेलं नाव, ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक. पुढचं वाक्य सोपं होतं: 'निवडणुकीला जमा करता तशी महिना-दोन महिने जमा करूया. पोरगं सावरलं की आणा.' मुदत सांगायची. बेमुदत काही द्यायला कुणी तयार होत नाही.

इथे एक धोक्याची जागा आहे. अमेरिकेतल्या मार्गदर्शिकांमध्ये 'तेवढे दिवस बंदूक भावाकडे, शेजाऱ्याकडे ठेवा' असा सल्ला असतो. तो उचलून आपल्याकडे दिला तर दोन घरं अडचणीत येतात. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ज्याच्याकडे परवाना नाही त्याने दुसऱ्याचं हत्यार घरात ठेवणं हा गुन्हा आहे, मग तो सख्खा मेव्हणा का असेना. काडतुसं आणि दारूही त्यात आली. आपल्याकडे वाटा दोनच, पोलीस ठाणं किंवा परवानाधारक हत्यारविक्रेता, आणि दोन्हीकडे पावती घ्यायचीच. ठाण्यात जायला लोक कचरतात, कारण 'पोरगं कुणावर उठलंय काय' असं विचारतील अशी धास्ती असते. अर्जात पोराचं नाव घालायची गरज नसते. घरगुती कारणाने हत्यार सुरक्षित ठेवायला देतोय, एवढं पुरतं. अर्ज कन्नडमध्ये लागेल तर तो दवाखान्यातच लिहून द्यावा. हे काम समाजसेविकेचं की डॉक्टरचं, असा वाद घालत बसू नये.

आणि मग बाप तो प्रश्न विचारतो ज्याला बहुतेक डॉक्टरांकडे उत्तर नसतं. 'बंदूक जमा केली तर भात कोण राखणार?' ह्याला 'पोरापेक्षा भात मोठं आहे का' असं उत्तर देणं निर्दयपणाचं आहे. त्या भातावर घर चालतं, आणि पीक गेलं तर त्या घरातला ताण दुप्पट होतो, तोही त्याच पोरावर. शेजारचा परवानाधारक त्याच्या बंदुकीसह आळीपाळीने राखणीला येईल का, पोराच्या जागी माळ्यावर कोण झोपेल, फटाके-डबे वाजवून भागेल का, हे बोलावं. वन्यप्राण्यांनी पिकाचं नुकसान केलं तर कर्नाटकच्या वनखात्याकडे 'ई-परिहार'वर भरपाईचा अर्ज करता येतो. नासाडीचे फोटो आणि शेताचा उतारा लागतो. मनोविकाराच्या ओपीडीत बसून गव्याच्या भरपाईचा अर्ज भरून देणं विचित्र वाटेल, पण बंदूक घराबाहेर ठेवायला त्याइतकी मदत दुसरी कशाचीच होत नाही.

जमा करणं अगदीच जमत नसेल तेव्हा त्याखालची पायरी: बंदूक रिकामी, कुलपात, आणि दारूगोळा दुसऱ्या जागी, दुसऱ्या कुलपात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ह्यातली प्रत्येक गोष्ट सुटी सुटीसुद्धा मुलांच्या आत्महत्येचा आणि चुकून गोळी लागण्याचा धोका कमी करताना दिसली. ठासणीची बंदूक रिकामी करायची तर बापानेच, शेतात, त्याला जशी सवय आहे तशी. दवाखान्यातल्या कुणीही हत्याराला हात लावायचा नाही, 'दाखवा बघू' म्हणायचं नाही.

कट्टा असेल तर हे काहीच लागू होत नाही. बेकायदा हत्यार बाळगल्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं शिक्षा आहे. दयेपोटी ते टेबलाच्या खणात ठेवून घेणारा समुपदेशक स्वतःच त्या कलमाखाली येतो. इथे वकील हवा. मुलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो फुकट मिळतो, आणि अठराच्या आतल्या पोराचं प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जातं. मुलाला हे जसंच्या तसं सांगावं. 'टाकून दे नदीत' असं सुचवू नये. तो टाकत नाही, मित्राला विकतो, आणि धोका एका घरातून दुसऱ्या घरात जातो.

बंदुकीवर इतकं लिहिलं, तरी सीमाभागातल्या बहुतेक घरांत बंदूक नसतेच. फवारणीचं औषध मात्र असतं. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यात १३,०४४ विद्यार्थी होते, आणि खेड्यापाड्यांत कीटकनाशक हा मरणाचा एक मोठा मार्ग आहे. म्हणून बंदुकीचा प्रश्न विचारला की त्याच दमात औषधाचा विचारायचा: कुठलं, किती उरलंय, गोठ्यात आहे की घरात. इथे मात्र कुलपावर भरवसा ठेवू नये. श्रीलंकेत १८० गावांत घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटून पाहिल्या. २०१७ साली निकाल आला, विषबाधा कमी झाल्या नाहीत. त्याच देशात जहाल औषधांवर बंदी आणल्यावर मात्र आत्महत्या दोन दशकांत सुमारे ७० टक्क्यांनी घटल्या. ह्याचा घरापुरता अर्थ असा की उरलेला अर्धा लिटर पुढच्या हंगामाला ठेवायचाच नाही. दुकानातून लागेल तेवढंच आणायचं, फवारणी बापाने करायची, पोराच्या हाती पंप द्यायचा नाही.

वाचून आलेल्या पोरांचं, म्हणजे मारामारीत वार खाल्लेल्या किंवा गोळी लागलेल्या पोरांचं काम ह्याहून घाईचं. बंदुकीची जखम म्हणजे मेडिको-लीगल केस, पोलिसांना कळवावंच लागतं, आणि हे मुलाला टाका घालताना सांगावं, नंतर त्याला दुसऱ्याकडून कळू नये. टाके ओले असेपर्यंतचे दिवस बदल्याचे. खाटेभोवती मित्र जमतात, फोन चालू असतात, 'नाव सांग फक्त' अशी कुजबुज असते. अमेरिकेत ओकलंडला १९९४ पासून अशा वेळी खाटेशी माणूस पाठवायची पद्धत आहे, आणि शिकागोत २००० साली गॅरी स्लटकिन ह्या साथरोगतज्ज्ञाने हिंसेकडे साथीसारखं बघून काम सुरू केलं आणि पुढे त्यात भांडणाच्या मध्ये पडणारी माणसं नेमली. दोन्हीकडे नियम एकच: जाणारा माणूस त्या पोरांनी मानलेला हवा. आपल्याकडे तो तालमीतला वस्ताद असतो, गल्लीच्या गणेश मंडळातला जुना कार्यकर्ता असतो, कधी निवृत्त सुभेदार. त्याला पहिल्या दिवशीच बोलवावं. मात्र दोन्ही गटांपैकी एकाच मंडळाचा माणूस नको, नाहीतर तो समजूत घालायला येतो आणि बाजू घेऊन जातो.

ह्याच वेळी घरातले वडीलधारे दोन उपाय काढतात. एक, पोलिसाकडून दम देणं, नाहीतर 'हिंडलग्याचा जेल दाखवून आणा' म्हणणं. पोरांना तुरुंग दाखवून घाबरवण्याचे प्रयोग अमेरिकेत वर्षानुवर्षं झाले आणि तपासल्यावर उलटं निघालं, तुरुंग पाहून आलेली पोरं जास्त गुन्ह्यांत सापडली. दुसरा, आईची शपथ घालणं. 'माझ्या डोक्यावर हात ठेवून सांग, पुन्हा असं करणार नाहीस.' शपथेने धोका कमी होत नाही. होतं एवढंच, की पुढच्या वेळी मनात आलं तर पोर आईलाच सांगू शकत नाही, कारण शपथ मोडलेली असते.

शपथेच्या जागी कागद. कागदावर सहा गोष्टी, पोराच्या हस्ताक्षरात, त्याच्या शब्दांत. वेळ येत चालली हे मला कशावरून कळतं. तेव्हा मी एकटा काय करतो. कुठे जाऊन बसतो. कुणाला फोन लावतो. दवाखान्यातल्या कुणाला. आणि घरातली कुठली वस्तू कुठे गेलीय. 'ताण कमी करणे' असलं काही लिहू देऊ नये. 'मळ्यातल्या विहिरीवर जाऊन पाय सोडून बसणे' चालेल, पण पोराला पोहता येतं का, हे विचारून. 'तालमीत जाऊन शंभर बैठका' चालेल. 'मामाला फोन' लिहिलं तर तिथल्या तिथे मामाला फोन लावून त्याला सांगायचं, तुझं नाव कागदावर आहे. नंबर पाठ नसले तरी १४४१६ लिहायचा. टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही आणि कन्नडमध्येही. हा कागद आणि त्यामागून येणारे फोन, ह्या दोन्हींचा मिळून अमेरिकेतल्या माजी सैनिकांवर अभ्यास झाला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पुढच्या सहा महिन्यांतले आत्मघाताचे प्रकार ४५ टक्क्यांनी कमी दिसले. त्यात पहिला फोन ७२ तासांच्या आत होता. आपल्याकडे कागद होतो, फोन राहतो. ओपीडीत शंभर पेशंट असतात हे खरं आहे, पण तीन मिनिटांचा तो फोन कुणाच्यातरी नावावर लिहून ठेवला नाही तर तो कधीच होत नाही.

आणि सगळ्यात जास्त घात होतो तो बंदूक परत येते तेव्हा. पोरगं सावरलेलं असतं, गोळ्या लागू पडलेल्या असतात, आई पुन्हा हसायला लागलेली असते, आणि आश्विनात भात वाकलं की बाप न सांगता पावती घेऊन ठाण्यात जातो. म्हणून पावतीची झेरॉक्स पहिल्या दिवशीच फाईलला लावावी आणि तिच्यावर पेन्सिलने भातकापणीचा महिना लिहावा. त्याच्या पंधरा दिवस आधी फोन. आणायची असेल तर आधी पोराला घेऊन एकदा या, म्हणून सांगायचं, आणि ह्या वेळीही त्याला आधी एकट्यालाच भेटायचं. बंदूक पुन्हा दाराआड नको, लोखंडी ट्रंकेत. टोप्या बापाच्या बंडीच्या खिशात. आणि ट्रंकेची किल्ली? खुंटीवर नको, देव्हाऱ्यात नको, बायकोच्या डब्यात नको. करदोट्याला बांधलेली, झोपतानासुद्धा. 'आण्णा, किल्ली आत्ता कुठाय?' असं फोनवर विचारायचं, आणि पलीकडे त्याचा हात कमरेशी जाऊन परत येईपर्यंत थांबायचं.